एका मेजाभोवतीची मंडळी: पुरोगामी चर्च समजून घेताना

मराठी बायबलात चर्चसाठी शब्द आहे 'मंडळी'. मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया', म्हणजे हाक देऊन जमवलेल्या लोकांची सभा. पहिल्या शतकात येशूच्या अनुयायांकडे ना इमारत होती, ना घंटा. कुणाच्या तरी घरी ते जमायचे, भाकर मोडायचे, प्रार्थना करायचे, दुरून आलेली पत्रं मोठ्यानं वाचून दाखवायचे. भाषांतरकारांनी 'मंडळी' हा शब्द निवडला तेव्हा रोजच्या बोलण्यातली त्याची ऊबही आपोआप सोबत आली. 'या मंडळी, बसा' असं म्हणताना आपण समोरच्याला आधी त्याची मतं विचारत नाही.

पुरोगामी चर्च म्हणजे काय, हे सांगायला मला याहून नेमकं वाक्य सापडत नाही. आधी या, बसा, मग बोलू.

अशा मंडळ्यांमध्ये आपल्याला आशा, शांती आणि सोबत सापडली असं सांगणारे लोक बरेच आहेत. त्यांतले काही कडक शिस्तीच्या चर्चमध्ये वाढले आणि पुढे तिथून जखमा घेऊन बाहेर पडले. काहींचा देवावर कधीच विश्वास नव्हता, आणि त्यांतल्या काहींचा आजही नाही. मग ते दर रविवारी तिथे करतात काय, आणि त्यांना मिळतं काय? हे समजायचं तर आधी थोडं मागे जायला हवं.

पुरोगामी कुणाला म्हणायचं?

पुरोगामी ख्रिस्ती हा स्वतंत्र पंथ नाही. त्याला पोप नाही, मुख्यालय नाही. एकाच शहरात एकाच पंथाची दोन चर्चं असतात. एक पुरोगामी असतं, दुसरं नसतं. अमेरिकेतली युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट आणि एपिस्कोपल चर्च, कॅनडातलं युनायटेड चर्च, ऑस्ट्रेलियातलं युनायटिंग चर्च, स्वीडनचं लुथरन चर्च यांच्यात ही वृत्ती ठळक दिसते. मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट मंडळ्यांतही ती आहे. कॅथलिकांमध्येही अशा विचारांचे पुष्कळ लोक आहेत, त्यांच्या चर्चचे अधिकृत नियम वेगळे असले तरी.

वृत्ती कोणती, तर बायबल मनापासून वाचायचं, पण त्यातलं प्रत्येक वाक्य इतिहासाची नोंद किंवा विज्ञानाचा धडा मानायचं नाही. शंकेला विश्वासाचा शत्रू समजायचं नाही. येशूनं ज्यांना जवळ केलं, ते कुष्ठरोगी, जकातदार, परके, गावानं ओवाळून टाकलेले लोक आजच्या जगात कोण आहेत हे शोधायचं. आणि मेल्यानंतरच्या स्वर्गाइतकीच या पृथ्वीवरच्या न्यायाची चिंता वाहायची.

हे काही कालपरवा सुचलेलं नाही. 1799 साली बर्लिनमधल्या फ्रीडरिश श्लायरमाखर या तरुण पाळकानं धर्माला नाकं मुरडणाऱ्या सुशिक्षित मित्रांना उद्देशून लिहिलं की धर्माचं मूळ सिद्धांतांच्या यादीत नाही, अनंताच्या जाणिवेत आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासकांनी बायबल कुणी, कधी, कोणत्या परिस्थितीत लिहिलं याचा कसून शोध सुरू केला. 1859 साली डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ आला. बायबलचा शब्द न् शब्द खरा मानणाऱ्यांना हा हल्ला वाटला. काही पाळकांना मात्र सुटका झाल्यासारखं वाटलं.

पण माझ्या मते या प्रवाहाला खरा जीव दिला तो ग्रंथालयांनी नव्हे, गरिबीनं. वॉल्टर राउशेनबुश 1886 साली न्यूयॉर्कच्या 'हेल्स किचन' नावाच्या दाटीवाटीच्या वस्तीत बॅप्टिस्ट पाळक म्हणून गेले. माणसांचे आत्मे तारायचे या तयारीनं ते गेले होते. तिथे त्यांच्या वाट्याला लहान मुलांची अंत्यविधी-प्रार्थना पुन्हा पुन्हा येऊ लागली. मुलं उपासमारीनं, रोगराईनं, कोंदट खोल्यांमुळे जात होती. त्या आईबापांना 'देवाची इच्छा' म्हणून परत पाठवणं त्यांना जमेना. पाप एकेका माणसाच्या मनात असतं तसं घरभाड्यात, मजुरीत आणि कायद्यातही असतं, असं त्यांनी मांडलं. 1907 साली त्यांचा ग्रंथ आला आणि 'सामाजिक शुभवर्तमान' या नावानं ही विचारधारा पसरली.

पुढचा मोठा खटका 1922 सालचा. हॅरी एमर्सन फॉस्डिक यांनी न्यूयॉर्कच्या फर्स्ट प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये एक प्रवचन दिलं आणि मूलतत्त्ववाद्यांचा विजय होऊ द्यायचा का, असा थेट प्रश्न विचारला. एवढा गदारोळ झाला की शेवटी त्यांना ते व्यासपीठ सोडावं लागलं. त्यांच्यासाठी जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांच्या पैशातून रिव्हरसाइड चर्च उभं राहिलं आणि 1930 साली ते खुलं झालं. याच चर्चमध्ये 4 एप्रिल 1967 रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध भाषण केलं. बरोबर एक वर्षानं त्यांची हत्या झाली. 'पुरोगामी ख्रिस्ती' हे नाव सर्रास वापरात आलं ते मात्र बरंच नंतर, साधारण 1990 च्या दशकात. बिशप जॉन शेल्बी स्पाँग आणि अभ्यासक मार्कस बोर्ग यांना वाचून अनेकांनी सोडलेल्या चर्चकडे पुन्हा वळून पाहिलं, तो हाच काळ.

शास्त्र वाचायचं कसं

उत्पत्तीच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय उघडून पाहा. पहिल्यात सहा दिवसांची मांडणी आहे. आधी वनस्पती, मग जलचर आणि पाखरं, मग जनावरं, आणि सगळ्यांत शेवटी माणूस. पुरुष आणि स्त्री एकाच वेळी. दुसऱ्या अध्यायात क्रमच फिरतो. रानात झुडूपही उगवलेलं नसताना देव मातीतून माणूस घडवतो, मग बाग लावतो, मग जनावरं करतो आणि अखेरीस स्त्री.

शब्दशः वाचणाऱ्याला इथे कसरत करावी लागते. पुरोगामी पाळक म्हणेल, ज्यांनी या दोन कथा शेजारी शेजारी ठेवल्या त्यांना फरक दिसत असणारच. तरी त्यांनी एकही काढून टाकली नाही. एक कथा विश्वाच्या सुव्यवस्थेबद्दल बोलते, दुसरी माणसाच्या एकटेपणाबद्दल. 'माणूस एकटा असावा हे बरं नाही' असं देव म्हणतो, ते या दुसऱ्या कथेत. जग कसं तयार झालं याचं उत्तर भूगर्भशास्त्राकडे मागावं. एकटेपणाचं काय करायचं, हे या कथेला विचारावं.

मग वाटेल तो अर्थ काढायला मोकळीक आहे का? हा आक्षेप रास्त आहे आणि प्रामाणिक मंडळ्या तो टाळत नाहीत. त्यांची कसोटी खुद्द येशूच्या तोंडची आहे. सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती, असं विचारल्यावर त्यानं दोन सांगितल्या, देवावर प्रीती कर आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. सगळं नियमशास्त्र या दोहोंवर टांगलेलं आहे. संत ऑगस्टिन काही पुरोगामी नव्हते. पण त्यांनीही सोळाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे की ज्याच्या अर्थातून ही दुहेरी प्रीती वाढत नाही, त्याला शास्त्र अजून कळलेलं नाही.

अर्थ बदलतात हे इतिहासानं दाखवूनही दिलं आहे. गुलामांनी मालकांच्या आज्ञेत राहावं, अशी वचनं नव्या करारात आहेत आणि अमेरिकेतले गुलाममालक ती तोंडपाठ म्हणून दाखवत. गुलाम बाळगणारा माणूस मिशनरी होऊ शकतो का, या वादातून 1845 साली बॅप्टिस्ट फुटले आणि सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन जन्माला आलं. दीडशे वर्षांनी, 1995 साली, त्याच संघटनेनं ठराव करून माफी मागितली. पुस्तक तेच होतं, वचनंही तीच. वाचणाऱ्यांच्या बाजूला कोण बसलं आहे ते बदललं.

दार नेमकं कुणासाठी उघडं?

1853 साली न्यूयॉर्क राज्यातल्या साउथ बटलर या छोट्या गावच्या मंडळीनं अँटोनेट ब्राउन यांना पाळकाची दीक्षा दिली. स्त्रीला दीक्षा देणं तेव्हा बहुतेकांना अधर्म वाटत होतं. एपिस्कोपल चर्चमध्ये यासाठी आणखी एकशेवीस वर्षं जावी लागली. 1974 साली फिलाडेल्फियात अकरा स्त्रियांनी चर्चच्या परवानगीची वाट न पाहता दीक्षा घेतली. दोन वर्षांनी चर्चनं नियम बदलला. इंग्लंडच्या चर्चमध्ये पहिल्या स्त्रिया धर्मगुरू झाल्या त्या 1994 साली. आणि शुभवर्तमानांत रिकाम्या कबरीची बातमी पहिल्यांदा कुणी आणली, तर मरीया मग्दालीया आणि इतर स्त्रियांनी!

समलिंगी आणि पारलिंगी लोकांचा प्रश्न याहून जास्त जिव्हारी लागणारा आहे. लहानपणापासून ज्यानं रविवारी रविवारी ऐकलं की तुझ्यासारख्यांना देव टाकून देतो, त्याच्यासाठी चर्च ही शांतीची जागा कशी असेल? ट्रॉय पेरी हे असेच, पाळकपदावरून दूर केले गेलेले. 6 ऑक्टोबर 1968 रोजी लॉस एंजेलिसजवळच्या आपल्या घरी त्यांनी उपासना ठेवली. बारा माणसं आली. त्यातून मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च हा पंथ उभा राहिला. 1972 मध्ये युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टनं विल्यम जॉन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या तरुणाला दीक्षा दिली. 2009 साली स्वीडनच्या चर्चनं समलिंगी विवाह लावायला मान्यता दिली. युनायटेड मेथडिस्ट चर्चनं अशा विवाहांवरची आपली बंदी 2024 साली उठवली, पण त्याआधीच्या चार-पाच वर्षांत अमेरिकेतल्या त्यांच्या सुमारे पाव मंडळ्या याच वादावरून बाहेर पडल्या होत्या. एकेका ठरावामागे तुटलेली नाती आहेत, दोन्ही बाजूंना. हे विसरून चालणार नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. 'सर्वांचं स्वागत आहे' ही पाटी जवळजवळ प्रत्येक चर्चबाहेर असते आणि ती लावणारे बहुधा खोटं बोलत नसतात. स्वागत बाकावर बसण्यापुरतं आहे की व्यासपीठापर्यंत, हा खरा प्रश्न असतो. ज्याला खात्री करून घ्यायची आहे त्यानं सरळ विचारावं. इथे दोन स्त्रियांचं लग्न लागतं का? कार्यकारी मंडळात कोण कोण आहे? पाळक स्त्री असते का? चांगल्या मंडळीत या प्रश्नांची उत्तरं आढेवेढे न घेता मिळतात. उत्तर देताना कुणी घुटमळलं, तर तेही एक उत्तरच आहे.

रविवारी सकाळी

आता आत जाऊ. दारात कुणीतरी हसून हातात एक छापील कागद देतं. त्यावर उपासनेचा क्रम असतो. कधी उभं राहायचं, काय म्हणायचं, हे सगळं लिहिलेलं असल्यामुळे नवख्याला अवघडल्यासारखं होत नाही. मागच्या रांगा आधी भरतात. दुखावलेली माणसं मागेच बसतात, दाराजवळ, आणि अनुभवी मंडळी त्यांना पुढे ओढत नाही.

गीत होतं. मग सामूहिक कबुली. ती 'मी पापी, मी नीच' अशी नसते. आम्ही जे केलं आणि जे करायचं राहून गेलं, त्याबद्दल सगळे एका सुरात क्षमा मागतात. मग शास्त्रपाठ. बऱ्याच मंडळ्या तीन वर्षांचं एक सामाईक वेळापत्रक वापरतात. 1992 सालापासून ते अनेक पंथांत चालतं. त्यामुळे कोणता उतारा वाचायचा हे पाळकाच्या मर्जीवर राहत नाही. आवडतं तेवढंच निवडून वाचण्याची सोय नाही, आणि अवघड उतारा समोर आला की त्याला भिडावं लागतं. मला ही शिस्त फार मोलाची वाटते.

प्रवचनानंतर येतो माझ्या दृष्टीनं उपासनेचा गाभा. कुणीही उठून आपला आनंद किंवा आपली चिंता सांगू शकतं. एक बाई सांगते, भावाची केमोथेरपी मंगळवारी सुरू होते आहे. एक म्हातारे गृहस्थ सांगतात, आज आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली असती. एक मुलगी म्हणते, परीक्षेची भीती वाटते. सगळी मंडळी प्रत्येकासाठी प्रार्थना करते. देव त्या प्रार्थनेनं हस्तक्षेप करतो का, याबद्दल त्या बाकांवरच चार मतं सापडतील. पण मंगळवारी त्या बाईसोबत रुग्णालयात कुणीतरी असतं, हे मात्र नक्की घडतं. आदल्या रात्री कुणी जेवण पोचवलेलं असतं. पुढच्या रविवारी तीनजण भावाची चौकशी करतात, नावानं.

एकटेपणावर सल्ला देणारे पुष्कळ असतात. पण आपलं दुःख आठवड्याच्या ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी, निरनिराळ्या वयाच्या पन्नास माणसांपुढे उघड्यावर ठेवता यावं, अशा जागा आजच्या जगात किती उरल्या आहेत? मित्रमंडळी बहुधा आपल्याच वयाची, आपल्याच मतांची असते. मंडळीत तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजीपर्यंत सगळे एका छपराखाली असतात आणि ती आजी त्या बाळाला ओळखत असते.

आशा म्हणजे सगळं छान होईल असं म्हणणं नव्हे

युर्गेन मोल्टमन यांचं आयुष्य या मंडळ्यांत वारंवार आठवलं जातं. हॅम्बुर्गमधल्या धर्माशी फारसं देणंघेणं नसलेल्या घरात ते वाढले. जुलै 1943 मध्ये त्या शहरावर भयानक बॉम्बवर्षाव झाला तेव्हा ते सतरा वर्षांचे होते, विमानविरोधी तोफेवर नेमलेले. शेजारी उभा असलेला मित्र बॉम्बनं मारला गेला, हे वाचले. देवा, तू कुठे आहेस, हा प्रश्न त्या रात्री त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाला. 1945 साली ते ब्रिटिशांचे युद्धकैदी झाले. स्कॉटलंडमधल्या छावणीत नाझी छळछावण्यांची छायाचित्रं लावली होती. ज्या देशासाठी आपण लढलो त्यानं हे केलं, हे त्यांना तिथे कळलं. एका लष्करी पाळकानं बायबल हातात दिलं. त्यांना आधार वाटला तो कोणत्याही चमत्काराच्या कथेचा नव्हे, तर विलापाच्या स्तोत्रांचा आणि क्रुसावर 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' असं ओरडणाऱ्या येशूचा. हा मला समजून घेतो, असं त्यांना वाटलं.

पुढे ते मोठे धर्मचिंतक झाले आणि 1964 साली त्यांनी आशेवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी म्हटलं की खरी आशा माणसाला स्वस्थ बसू देत नाही. उद्या काय होऊ शकतं याची झलक ज्यानं पाहिली, त्याला आजचं जग आहे तसं चालवून घेता येत नाही.

पुरोगामी मंडळीतली आशा या जातीची असते. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी फार मोठा भाग रडण्याचा, तक्रारीचा आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी दिलासा देणारी ओळ नाही. आणि ते काढून टाकलेलं नाही, उपासनेत वाचलं जातं. ज्याचं मूल गेलं आहे त्याला 'यामागे देवाची काही योजना असेल' असं सांगण्यापेक्षा त्याच्याशेजारी बसून हे स्तोत्र वाचणं किती खरं आहे!

त्या अस्वस्थ आशेतून कामं उभी राहतात. 1982 च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या टूसान शहराच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चनं जाहीर केलं की एल साल्वादोर आणि ग्वाटेमालातल्या हिंसाचारातून पळून आलेल्यांना आम्ही आसरा देणार, सरकारचा कायदा काहीही म्हणो. पाळक जॉन फाइफ आणि त्यांच्या साथीदारांवर खटला चालला, 1986 साली ते दोषी ठरले. तोवर देशभरातल्या कितीतरी मंडळ्यांनी आपली दारं उघडली होती. सहा वर्षांनी त्यांच्याच पंथानं फाइफ यांना आपल्या सर्वोच्च सभेचं अध्यक्ष निवडलं.

आणि शांती?

हिब्रू भाषेतला शब्द 'शालोम'. भांडण थांबणं एवढाच त्याचा अर्थ नाही; सगळं धड असणं, कुणी तुटून बाहेर पडलेलं नसणं, असा आहे. म्हणून प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीआधी, लोक एकमेकांकडे वळून हात हातात घेतात आणि 'तुला शांती असो' म्हणतात. शुक्रवारच्या बैठकीत ज्याच्याशी कडाक्याचा वाद झाला, तोही समोर येतो. हात द्यावाच लागतो. पहिल्यांदा हे उपचार वाटतात. वर्षभरानं कळतं की हात आधी वळतो आणि मन मागून येतं.

आतल्या शांतीसाठी अनेक मंडळ्या तेझेची पद्धत वापरतात. तेझे हे फ्रान्समधलं लहानसं खेडं. 1940 साली, ऐन युद्धात, रॉजर हा पंचवीस वर्षांचा स्विस तरुण तिथे एकटा आला आणि पळून आलेल्यांना, त्यांत ज्यूंनाही, त्यानं आपल्या घरात लपवलं. युद्ध संपल्यावर जवळच्या छावणीतल्या जर्मन कैद्यांनाही त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी जेवायला बोलावलं. प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक बंधू एकत्र राहणारा मठ त्यातून तयार झाला. तिथली गाणी म्हणजे एखाद-दोन ओळी, पुन्हा पुन्हा म्हटलेल्या, मेणबत्त्यांच्या उजेडात. मग आठ-दहा मिनिटं पूर्ण मौन. कुणाला काहीच सिद्ध करावं लागत नाही. ज्याला मतप्रतिज्ञा, म्हणजे 'मी अमुक मानतो' अशी ठरलेली कबुली, म्हणता येत नाही, घशात अडकते, त्यालाही एक ओळ गाता येते आणि गप्प बसता येतं.

जे खटकतं तेही

या मंडळ्यांवर प्रेम असलं तरी त्यांच्या उणिवा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. 1923 मध्येच पुराणमतवादी धर्मपंडित जे. ग्रेशम मेकन यांनी मांडलं की उदारमतवादी ख्रिस्ती धर्म हा ख्रिस्ती धर्मच नव्हे, वेगळाच धर्म आहे. धर्मचिंतक रिचर्ड निबर तर स्वतः उदारमतवाद्यांच्या जवळचे. पण त्यांनीही 1937 साली सुनावलं की या लोकांच्या देवाला राग येत नाही, माणसाला पाप लागत नाही आणि ख्रिस्ताला क्रूस नाही. हा वार वर्मी लागतो. दुष्टपणाला नाव न ठेवणारा धर्म दुष्टपणानं चिरडलेल्यांच्या काय कामाचा?

संख्येचं म्हणाल तर युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट 1957 साली स्थापन झालं तेव्हा सभासद वीस लाखांच्या घरात होते. आज त्याच्या निम्मेही नाहीत. कित्येक मंडळ्यांत पांढऱ्या केसांचीच माणसं जास्त. काही ठिकाणी स्वागत तोंडभरून होतं, पण पुराणमतवादी मताचा शेजारी आला की चेहरे आखडतात. मतांची चाचणी नको म्हणणाऱ्यांनी राजकीय मतांची चाचणी घ्यायला लागावं, हे मला सगळ्यांत जास्त सलतं. आणि पुरोगामी असलं म्हणून चर्चमध्ये सत्तेचा गैरवापर होत नाही, असंही नाही. हिशेब उघडे आहेत का, मुलांच्या सुरक्षेचे लेखी नियम आहेत का, पाळकाला जाब विचारता येतो का, हे इथेही पाहिलंच पाहिजे.

मेज

चर्चमधल्या वादांचा सगळ्यांत जुना विषय म्हणजे प्रभूच्या मेजावर, म्हणजे प्रभुभोजनाला, कुणी यायचं. बहुतेक परंपरांचं उत्तर आहे, ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे त्यानं. आधी शिक्षण, मग कबुली, मग बाप्तिस्मा, मग भाकर. अनेक पुरोगामी मंडळ्यांनी हा क्रम उलटा केला. येशू ज्यांच्या पंगतीला बसला त्यांना त्यानं आधी काही म्हणायला लावलं नव्हतं, असं त्या सांगतात.

सॅन फ्रान्सिस्कोत सेंट ग्रेगरी ऑफ निसा नावाचं एपिस्कोपल चर्च आहे. तिथलं मेज एका बाजूला कोपऱ्यात नाही. आत शिरताच समोर लागतं, आणि लोक त्याच्याभोवती उभे राहतात. त्याच्या पायावर लूकच्या शुभवर्तमानातले ग्रीक शब्द कोरले आहेत. हा पाप्यांचं स्वागत करतो आणि त्यांच्याबरोबर जेवतो, असा त्यांचा अर्थ. मुळात ती येशूवरची तक्रार आहे, त्याच्या टीकाकारांनी केलेली. या मंडळीनं ती आपल्या मेजावर मानानं कोरून घेतली.

सारा माइल्स या नास्तिक घरात वाढलेल्या पत्रकार बाई. एके दिवशी सहज त्या या चर्चमध्ये शिरल्या. कुणी विचारपूस केली नाही, हातात भाकरीचा तुकडा ठेवला. काय घडलं ते त्यांनाही धड सांगता येईना, पण त्या परत आल्या, येत राहिल्या. ही भाकर जर सगळ्यांना देता येते, तर जेवणही का देऊ नये, असा हिशेब त्यांनी मांडला आणि 2000 साली त्याच मेजाभोवती धान्य-भाजीपाल्याचं मोफत वाटप सुरू केलं. भाज्यांचे, पावांचे ढीग थेट मेजाच्या सभोवती. रांगेत बेघर माणसं, म्हाताऱ्या बायका, परदेशातून आलेली कुटुंबं. नाव-गाव-धर्म कुणी विचारत नाही.

थोड्याच काळात रांगेतली माणसं विचारू लागली, आम्ही मदत करू का. पुढे वाटप करणाऱ्यांत बरेचसे तेच होते, पूर्वी पिशवी घेऊन रांगेत उभे राहिलेले. आता ते मेजाच्या पलीकडच्या बाजूला उभे राहून दारात घुटमळणाऱ्या नव्या माणसाला आत बोलावत होते.